सरपंचाचं तेलाचं दुकान

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. पण रॉकेल, गॅस किंवा डिझेल यांच्यापैकी एकाशीही संबंध आला नाही असा माणूस तुमच्या-माझ्यात नसावा, म्हणून धीर करतो.

प्रश्न साधा आहे. पेट्रोल पंपावरच्या पाटीवर जो भाव दिसतो तो ठरवतं कोण? पंपवाला म्हणतो, कंपनी. कंपनी म्हणते, जागतिक बाजार. मंत्री म्हणतात, आम्ही यात पडत नाही, कंपन्या स्वतंत्र आहेत. आणि निवडणुका जवळ आल्या की तोच भाव महिनोन् महिने जागचा हलत नाही. मग खरं कोण बोलतंय?

इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे असा प्रश्न पडला की मागे जाऊन बघायची खोड आहे. वर्गात अवघड गोष्ट सांगायची असली की मी आधी पोरांच्या ओळखीची गोष्ट सांगत असे. इथेही तसंच करतो.

समजा, आमच्या नवलाख उंबऱ्यात तेलाचं एकच मोठं दुकान आहे आणि ते सरपंचाचं आहे. भाव सरपंच ठरवणार. त्या तेलावर पट्टी बसवणार तीही सरपंचाची ग्रामपंचायत. गोरगरिबाला तेल स्वस्त मिळालं पाहिजे ही जबाबदारीही त्याचीच. आणि पाच वर्षांनी मतं मागायला दारोदार फिरायचंय तेही त्यालाच. गल्ल्यावर त्याने एक मुनीम बसवलाय. मुनीम हुशार आहे, प्रामाणिक आहे, आणि त्याला ताकीद आहे की दुकान फायद्यात चालव. आता मला सांगा, वर्षअखेरीला दुकान नफ्यात निघेल की तोट्यात, हे मुनिमाच्या हुशारीवर ठरेल की सरपंचाच्या मर्जीवर?

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या आपल्या तीन तेल कंपन्यांची गोष्ट मला अशीच दिसते. पण हे दुकान सरपंचाकडे आलं कसं, हे आधी बघायला हवं. नाहीतर उगाच कुणावर तरी अन्याय व्हायचा.

माझ्या लहानपणी गावात तेल म्हणजे बर्माशेल नाहीतर एस्सो. रॉकेलला कोणी घासलेट म्हणे, कोणी मातीचं तेल. विकणाऱ्या कंपन्या परदेशी होत्या. मुंबईत माहुल-ट्रॉम्बे भागात त्यांचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने होते, एक १९५४ मध्ये सुरू झालेला, दुसरा १९५५ मध्ये. ते उभे राहावेत म्हणून सरकारने १९५१ मध्ये करार केले होते आणि पंचवीस वर्षं आम्ही तुमचे कारखाने ताब्यात घेणार नाही अशी हमी दिली होती. नुकतंच स्वतंत्र झालेलं राष्ट्र, हातात ना पैसा ना तंत्रज्ञान. दुसरं काय करणार?

यातली गंमत किमतीची होती. ट्रॉम्बेला शुद्ध केलेलं तेलसुद्धा जणू इराणच्या आखातातून तयार होऊन जहाजाने आलंय असं धरून भाव लावला जाई. तिकडचा भाव, अधिक जहाजभाडं, अधिक विमा. तेल निघालं माहुलहून आणि बिल फाडलं परदेशचं! या हिशेबाची चौकशी करायला सरकारने के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९६१ मध्ये आला. त्यानंतर आणखी समित्या आल्या. कंपन्या आपले आकडे दाखवत आणि सरकार घासाघीस करी. गिऱ्हाइकाने वाण्याच्या वहीत डोकावावं आणि वाण्याने पान उलटावं, तसा तो प्रकार.

मग १९६० मध्ये एक प्रसंग घडला, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. केशवदेव मालवीय तेव्हा तेलखातं सांभाळत होते. सोव्हिएत रशियाने भारताला स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं. देशात कारखाने होते, पण ते परदेशी कंपन्यांचे. त्यांनी रशियाचं तेल शुद्ध करायला साफ नकार दिला. आपल्याच जमिनीवरचा कारखाना, आपल्याच लोकांसाठी लागणारं तेल, आणि सरकार काही करू शकत नाही! नुसतं धोरण असून भागत नाही, ते राबवायला स्वतःचा हात लागतो, हे सरकारला त्या वेळी चांगलंच उमगलं असणार. इंडियन ऑइल आधीच्याच वर्षी, १९५९ मध्ये, स्थापन झाली होती. कच्चं तेल नाही तर नाही, पण रशियाहून तयार डिझेल घेऊन एक जहाज ऑगस्ट १९६० मध्ये मुंबईला पीर पाव धक्क्याला लागलं. सरकारी दुकानाची ती भवानी.

म्हणून कोणी आज म्हणालं की सरकारने तेलाच्या धंद्यात पडायचंच कशाला, तर मी त्याला १९६० ची ही गोष्ट सांगतो.

पुढचा मोठा टप्पा १९७४ चा. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. आदल्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धानंतर तीन डॉलरच्या आसपास असलेला कच्च्या तेलाचा पिंपाचा भाव अकरा डॉलरच्या वर गेला. महागाईने सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं. त्याच १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जहाजाला मुंबईपासून दूर समुद्रात तेल लागलं, तेच आपलं बॉम्बे हाय. आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून एस्सो ताब्यात घेतली आणि जुलैमध्ये हिंदुस्तान पेट्रोलियम जन्माला आली. १९७६ मध्ये बर्माशेल गेली, तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. कॅल्टेक्सही गेली. चार-पाच वर्षांत सगळं दुकान सरपंचाच्या हातात आलं. मे १९७६ मध्ये बॉम्बे हायचं तेल प्रत्यक्ष निघू लागलं. त्या दिवसांत आम्हा तरुण मास्तरांना याचा अभिमान वाटे, आणि तो अभिमान खोटा नव्हता.

आता खरी कथा सुरू होते. दुकान ताब्यात आल्यावर सरपंच ते चालवतो कसं?

१९७७ पासून नवी पद्धत आली. प्रत्येक कंपनीला तिचा खर्च भरून द्यायचा आणि वर ठरावीक, करानंतर बारा टक्के परतावा द्यायचा. गिऱ्हाइकाला मात्र सरकार ठरवेल तो भाव. दोन्हींतला फरक एका सामाईक खात्यात जमा-नावे व्हायचा. पेट्रोल आणि विमानाचं इंधन महाग विकून आलेल्या पैशातून रॉकेल आणि गॅस स्वस्त द्यायचा. सगळ्या देशाची एकच गल्लापेटी म्हणा ना.

या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिने आमच्या घराघरांत काय केलं तेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पाऊस दणकून पडतो. भाताच्या लावणीच्या दिवसांत सरपण ओलं, गोवऱ्या ओल्या. वाटीभर रॉकेल ओतल्याशिवाय चूल पेटत नसे. संध्याकाळी चिमणी आणि कंदील, आणि ज्याची ऐपत त्याच्याकडे वातीचा नाहीतर पंपाचा स्टोव्ह. रेशनच्या दुकानासमोर पत्र्याचे डबे आणि नरसाळी घेऊन बायकांच्या रांगा. चिमणीच्या उजेडात शिकून नोकरीला लागलेली कितीतरी मुलं माझ्या वर्गातली आहेत. त्या उजेडाचे पैसे कुठे तरी कोणी तरी पेट्रोल भरणाऱ्याने दिले होते. हे वाईट होतं असं मी कसं म्हणू?

ऊर्जा जवळून जाणं आणि घरात येणं यात किती अंतर असतं, हे मावळाइतकं कोणाला ठाऊक नसेल. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला टाटांची धरणं झाली, त्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला वीज तयार होऊन मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. खाली वाड्या-वस्त्यांत मात्र पुढची कित्येक दशकं चिमणीच मिणमिणत राहिली. १९८५ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमची नळवाहिनी मुंबईहून सह्याद्री चढून पुण्याजवळ लोणी काळभोरला पोचली. टँकरांचा घाटातला त्रास वाचला. तेल जमिनीखालून झुळझुळ वाहत होतं आणि आमच्यातला कोणी गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेला होता.

तो नंबर आठवतो ना? तालुक्याच्या गावी जाऊन नाव नोंदवायचं, कागद जपून ठेवायचा आणि वाट बघायची. मुलीच्या लग्नात गॅसची जोडणी दिली तर वऱ्हाडी त्याचं कौतुक करत. खासदारांच्या वाट्याला दरवर्षी ठरावीक जोडण्यांची कूपनं येत, ती कोणाला मिळणार याची गावात आठ-आठ दिवस चर्चा. चुलीसमोर डोळे चोळणाऱ्या बाईची सोय ही राजकीय मेहेरबानी झाली होती. भाव कमी ठेवला की मागणी वाढते, पण तोटा होत असेल तर माल आणणार कोण? मग रांगा लागतात आणि रांग लागली की कूपन आलंच. स्वस्ताईची ही पहिली किंमत, आणि ती बिलावर कुठे दिसत नव्हती.

ही रांग मोडली ती आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत वाढलेल्या माणसाने. राम नाईक १९९९ ते २००४ पेट्रोलियम मंत्री होते. कोटीच्या वर गेलेली गॅसची प्रतीक्षायादी त्यांच्या काळात संपली. पक्ष कोणताही असो, त्या कामाला दाद दिली पाहिजे.

दुसरी किंमत याहून भयंकर होती. रेशनचं रॉकेल वर्षानुवर्षं नऊ-दहा रुपयांच्या आसपास अडवून ठेवलेलं. २०१० मध्ये वाढवलं तरी बारा-तेरा रुपये. डिझेल तेव्हा चाळिसाच्या वर. रॉकेल डिझेलमध्ये बेमालूम मिसळतं. लिटरमागे पंचवीस-तीस रुपये सुटत असतील तर काय होणार? राष्ट्रीय पातळीवरच्या एका पाहणीत दिसलं होतं की रेशनच्या रॉकेलपैकी एक तृतीयांशाहून जास्त गरिबाच्या डब्यात न पोचता भलतीकडे वळतं. रॉकेलला निळा रंग घालून झाला, टँकरांवर नजर ठेवून झाली.

२५ जानेवारी २०११ हा दिवस मी विसरू शकत नाही. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे रस्त्याकडेला भेसळ चाललेली दिसली. ते थांबले, जाब विचारला, आणि तेलमाफियांनी त्यांना भर दिवसा जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला.

गुन्हा माफियांचा, यात शंका नाही. पण दोन भावांमधली ती दरी कोणी खणली होती? ती कुठल्याही मुनिमाने खणली नव्हती. ती धोरणाने खणली होती, गरिबाच्या नावाने, आणि कोणाचीही हिंमत नव्हती ती बुजवायची. रॉकेलचा भाव दोन-तीन रुपयांनी वाढवला तर मतं जातील ही भीती. त्या भीतीची किंमत एका सचोटीच्या अधिकाऱ्याने दिली.

तिसरी किंमत कागदावरची आहे, म्हणून ती लवकर लक्षात येत नाही. सामाईक गल्लापेटीत हजारो कोटींची तूट साचली तेव्हा सरकारने ती पद्धत बंद करायचं ठरवलं, आणि १ एप्रिल २००२ पासून ती बंद झाली. जाहीर असं झालं की यापुढे भाव बाजाराप्रमाणे, गरिबाला द्यायचं ते अंदाजपत्रकातून उघडपणे द्यायचं. उत्तम! पण दोन-तीन वर्षांत कच्चं तेल चढायला लागलं, आणि जुलै २००८ मध्ये ते पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. भाव काही त्या प्रमाणात वाढवू दिले नाहीत. मग सरपंचाने मुनिमाला सांगितलं, तू स्वस्तातच विक, तुझा तोटा मी भरून देतो, पण आत्ता रोख नाहीत, ही घे चिठ्ठी.

त्या चिठ्ठ्या म्हणजे ऑइल बाँड, तेलाचे रोखे. सुमारे १.४ लाख कोटी रुपयांचे रोखे काढले गेले. त्यामुळे त्या-त्या वर्षीची तूट कागदावर कमी दिसली. शेवटच्या रोख्यांची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. म्हणजे २००८ मध्ये ज्याने स्वस्त डिझेल गाडीत भरलं, त्याच्या बिलाची बाकी त्याच्या नातवाच्या वेळेपर्यंत चालली! आणि त्या डिझेलवर कोण कोण चालत होतं? आमचा पॉवर टिलर आणि एसटी चालत होती, कबूल. पण पुण्या-मुंबईच्या मोठ्या आलिशान गाड्याही चालत होत्याच की. अंदर मावळातल्या ठाकर-कातकरी वस्तीत ज्याच्याकडे गाडी नाही, गॅस नाही, जो डोंगरातून मोळी आणतो, त्याला या उधळपट्टीतलं किती आलं असेल?

त्याच काळात खाजगी कंपन्यांनीही पंप काढले होते. तोटा भरून मिळायचा तो फक्त सरकारी कंपन्यांना. सरपंचाचं दुकान पडत्या भावाने विकतंय म्हटल्यावर शेजारचं दुकान चालणार कसं? रिलायन्सने २००८ मध्ये आपले सुमारे १४०० पंप बंद केले. भांडवलदारांसाठी अश्रू ढाळायचं मला कारण नाही, पण ज्या बाजाराचं नाव घेऊन सगळं चाललं होतं तो बाजार नावापुरताच होता, एवढंच सांगायचंय.

पुढे २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव मोकळा केला, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा. १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागला. आता तरी मुनीम मोकळा झाला असं वाटलं ना?

तर बघा. २०१४ च्या मध्याला ११० डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आलं. पंपावरचा भाव त्या प्रमाणात उतरला का? नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. पेट्रोलवरचा लिटरमागे ९.४८ रुपयांचा कर २१.४८ झाला, डिझेलवरचा ३.५६ चा १७.३३. राज्य सरकारही मागे नव्हतं. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून आपल्याकडे लिटरमागे दोन रुपये अधिभार लागला. पुढे पाऊस चांगला झाला तरी पेट्रोलवरचा अधिभार काही लगेच हटला नाही.

म्हणजे तेल चढलं की तोटा दुकानाचा आणि तेल उतरलं की फायदा पंचायतीचा. आधीच्या सरकारने चिठ्ठ्या लिहिल्या, नंतरच्या सरकारने पट्टी वाढवली. रंग वेगळे, वही तीच.

आणि रोज बदलणारा भाव? नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात, उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या तेव्हा, कच्चं तेल भडकत असताना पंपावरची पाटी साडेचार महिने हलली नाही. कागदोपत्री कोणीही कोणाला आदेश दिला नव्हता. मुनिमाला न सांगताच कळलं असावं! त्या युद्धाच्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ मध्ये, हिंदुस्तान पेट्रोलियमला ८,९७४ कोटींचा तोटा झाला आणि लगेच पुढच्या वर्षी, कच्चं तेल उतरलं आणि पाटी तशीच राहिली तेव्हा, १४,६९४ कोटींचा नफा. एका वर्षात कंपनीचे अधिकारी मठ्ठ आणि दुसऱ्या वर्षी एकदम बृहस्पती झाले असं तर नाही ना?

गॅसच्या तोट्यापोटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने तिन्ही कंपन्यांना २२,००० कोटी दिले, ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी ३०,००० कोटी हप्त्यांनी द्यायचं मंजूर केलं. यात मला एक गोष्ट बरी वाटते. हे आकडे निदान जाहीर झाले, चिठ्ठीत दडवले नाहीत.

मग दुकान विकूनच टाकावं, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. तेही करून झालं म्हणा. २००२-०३ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायचं घाटत होतं. निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी बाजूने आणि त्याच मंत्रिमंडळातले राम नाईक विरोधात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ सप्टेंबर २००३ ला न्यायालयाने सांगितलं की संसदेने कायदा करून घेतलेल्या कंपन्या संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाहीत. मला हा निकाल फार आवडतो. दुकान सरपंचाचं नाही, गावाचं आहे, विकायचं तर ग्रामसभेत या, असाच त्याचा अर्थ.

पुढे २०१६ मध्ये ते जुने कायदे इतर अनेक कालबाह्य कायद्यांबरोबर रद्द झाले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने हिंदुस्तान पेट्रोलियममधला आपला ५१.११ टक्के वाटा ३६,९१५ कोटींना विकला. कोणाला? ओएनजीसीला, म्हणजे स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला. ओएनजीसीने त्यासाठी कर्ज काढलं. सरपंचाने एका हाताने दुकान दुसऱ्या हाताला विकलं, दुसऱ्या हाताने सावकाराकडून पैसे आणले, आणि ते पंचायतीच्या जमेत दाखवले. भारत पेट्रोलियम मात्र खऱ्याखुऱ्या बाहेरच्याला विकायचं २०१९ मध्ये ठरलं. गिऱ्हाईक टिकेना, आणि मे २०२२ मध्ये तो बेत गुंडाळला. माझ्या साध्या बुद्धीला त्याचं एक कारण दिसतं. ज्या धंद्यात आपल्या मालाचा भाव आपल्याला ठरवता येईल याची खात्री नाही, तो धंदा शहाणा माणूस कशाला घेईल?

या सगळ्यातून माझ्या मनात दोन्ही बाजू उभ्या राहतात. सरकारी कंपनी नसती तर डोंगरातल्या वस्तीपर्यंत सिलिंडर कोण घेऊन गेलं असतं? नफा बघणारा तळेगावच्या पुढे आलाच नसता. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्या औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) दिली गेली. तीन वर्षांत हे काम करू शकली ती हीच सरकारी वितरणाची जाळी. रेशनच्या रॉकेलवरचं अनुदानही हळूहळू कमी होत २०२० मध्ये संपलं. त्या निळ्या रॉकेलच्या चोरीतला नफा सरला, हे चांगलंच झालं.

पण त्याच २०२० मध्ये बहुतेकांच्या गॅसचं अनुदानही गाजावाजा न करता थांबलं, आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईत सिलिंडर ११०० रुपयांच्या वर गेला. उज्ज्वलाच्या घरांत त्या वर्षी सरासरी चार सिलिंडरसुद्धा गेले नाहीत. वर्षाला चार सिलिंडरवर कोणाचं घर चालतं का हो? उरलेला स्वयंपाक चुलीवर. टाकी कोपऱ्यात, तिच्यावर फडकं. आमच्या गावाच्या नावात नऊ लाख उंबरे आहेत. ते घरांचे उंबरठे की उंबराची झाडं, यावर म्हाताऱ्यांचं अजून एकमत नाही. मी उंबरठे धरतो. दिल्लीतल्या धोरणाची परीक्षा त्या उंबरठ्याच्या आत, चुलीपाशी होते. जोडण्या किती दिल्या हा अर्धाच पेपर झाला, टाकी पुन्हा किती वेळा भरली हा उरलेला अर्धा.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुकान गावाचं असावं, याला माझी हरकत नाही, १९६० ची आठवण ठेवून तर नाहीच नाही. स्वस्त द्यायलाही हरकत नाही, गरिबाला दिलंच पाहिजे. पण काय स्वस्त द्यायचं, कोणाला, किती, आणि त्याचे पैसे कोण भरणार, हे आधी संसदेत मोकळेपणाने सांगा आणि अंदाजपत्रकात लिहा. मुनिमाच्या वहीत लपवू नका, चिठ्ठीवर ढकलू नका, करात मिसळू नका. पंपाच्या पावतीवर तेलाचे किती, केंद्राचे किती, राज्याचे किती हे छापायला कितीसा खर्च येतो? वाणीसुद्धा मागितलं तर हिशेब फोडून देतो.

आपल्या लोकांना महागाई सोसते, तिची आपल्याला सवय आहे. पण आपण स्वस्त घेतोय असं वाटत असताना आपल्याच नावावर उधारी वाढत राहावी, आणि वही मात्र आपल्याला बघायला मिळू नये, हे बरं नाही.

असो. मास्तरकी फार झाली. घरातल्या तरुण मंडळींपैकी जे नोकरीनिमित्त रोज गाडीने जातात, त्यांनी पुढच्या वेळी टाकी भरताना पाटीकडे जरा निरखून बघावं, आणि चुलीची आठवण असलेल्या आपल्या आज्यांना, आत्यांना त्यांचा पहिला गॅस कधी आणि कसा आला हे विचारून ठेवावं. तोही इतिहासच आहे, आणि तो सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत.